पंचगंगेवर अर्ध्या तासाचा रिपोर्ट: माहितीच्या अर्जापासून प्रक्षेपणापर्यंत

नदीच्या प्रदूषणावर टीव्हीसाठी अर्ध्या तासाचा रिपोर्ट करायचा, तर कामाला कुठून हात घालायचा हे आम्हाला एका ठिकाणी लिहिलेलं कुठं सापडलं नाही. दीड मिनिटाच्या पॅकेजची, म्हणजे रोजच्या छोट्या बातमीची, गोष्ट वेगळी. सकाळी फेस दिसला, दुपारी दोन बाइट घेतले, संध्याकाळी बातमी गेली. अर्ध्या तासात मात्र प्रेक्षक विचारतोच, की हे पाणी आलं कुठून आणि तुम्ही कशावरून म्हणता? त्याचं उत्तर कागदात असतं आणि कागद यायला महिने लागतात. म्हणून क्रम उलटा ठेवला: आधी अर्ज, मग पाण्याचे नमुने, कॅमेरा जवळपास शेवटी. काम ऑक्टोबरात सुरू झालं आणि रिपोर्ट मे महिन्यात गेला.

महिने असे निवडण्यामागे नदीचं स्वतःचं वेळापत्रक आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीचं पाणी घेऊन पंचगंगा प्रयाग चिखलीपासून वाहते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वाटेत कोल्हापूर शहर, साखर कारखाने, इचलकरंजीचे प्रोसेस (कापडावर प्रक्रिया करणारे कारखाने) आणि दोन्ही काठांची गावं. पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात, आणि वाहती नदी एकापाठोपाठ एक लांबट तळ्यांत बदलते. त्याच सुमारास ऊस गळीत हंगाम सुरू होतो. सांडपाणी तेवढंच असलं तरी ते वाहून न्यायला पाणी नसतं. जुलैत शूटिंगला गेलात तर तांबूस पुराचं पाणी छान दिसेल, रिपोर्ट मिळणार नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात माहिती अधिकाराचे अर्ज टाकले. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये करायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. ऑनलाइनही जातो, पण ज्या कार्यालयाचं नाव पोर्टलवरच्या यादीत नसेल तिथं कागदच द्यावा लागतो. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत हवा. बरेच जण इथंच अडकतात. एकाच अर्जात सांडपाणी प्रकल्प, कारखान्यांच्या नोटिसा आणि खर्च असं सगळं कोंबलं की 'एकापेक्षा जास्त विषय' म्हणून अर्ज परत येतो आणि महिना वाया जातो. आम्ही प्रत्येक विषयाला वेगळा अर्ज केला. दहा-दहा रुपयेच जातात.

काय मागायचं, यावर सगळं अवलंबून असतं. 'नदी प्रदूषित का झाली?' याला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही, कारण कायदा नोंदीत असलेली माहिती देतो, खुलासा नाही. त्यामुळे कागदाचं नाव घेऊन मागायचं: सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं रोजचं लॉगबुक, आत आलेल्या आणि बाहेर सोडलेल्या पाण्याचे तपासणी अहवाल, अमुक वर्षापासून जल अधिनियमाच्या (जलप्रदूषणाच्या कायद्याच्या) कलम ३३अ खाली प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या निर्देशांच्या प्रती, अटी मोडल्या म्हणून जप्त केलेल्या बँक हमीची यादी. यात आणखी एक कागद मागाच, नाल्यावरच्या पंपिंग स्टेशनची वीजबिलं. लॉगबुकात पंप चोवीस तास चालू लिहिलेला असतो, बिलातली युनिटं वेगळंच बोलतात. पंपाची अश्वशक्ती ठाऊक असेल तर गुणाकार कुणालाही करता येतो. जनरेटर असेल तर डिझेलची नोंदवहीही मागवा, नाहीतर 'वीज नव्हती, जनरेटरवर चालवला' हे उत्तर तयारच असतं.

इचलकरंजीच्या कागदांसाठी एक बारकी गोष्ट. तिथं २०२२ मध्ये नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. जुने कागद 'नगरपरिषद' या नावाने आहेत. अर्जात दोन्ही नावं लिहा, नाहीतर 'अशी नोंद आढळत नाही' हे उत्तर अक्षरशः खरं ठरतं.

मुदत तीस दिवसांची. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, आणि त्या पत्राची प्रत आपल्यालाही येते. एका कार्यालयाकडून तीस दिवसांत काहीच आलं नाही. तेव्हा जोडपत्र 'ब' मध्ये, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. अपिलालाही तीस दिवसांची मुदत असते, ती सरू देऊ नका. सुनावणीत आवाज चढवून काही मिळत नाही. मागितलेल्या कागदांची यादी, कोणता मिळाला, कोणता नाही, असा एक पानाचा तक्ता समोर ठेवला की अपिलीय अधिकारीही त्या तक्त्यावरच बोलतात. तिथं ठरलं की आम्ही फाइल पाहायला यायचं. अवलोकनाचा पहिला तास फुकट असतो, प्रतींना पानामागे दोन रुपये. सरसकट सगळी फाइल झेरॉक्स करून मागण्यापेक्षा आधी पाहणं केव्हाही बरं. टिपणीची बाजू, म्हणजे आतल्या आत अधिकाऱ्यांनी एकमेकांना लिहिलेलं, नीट वाचा. पत्रव्यवहारापेक्षा खरं काय ते तिथं असतं.

कारखान्यांची संमतीपत्रं प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यात रोज किती पाणी वापरायचं, किती सांडपाणी निघणार, ते कुठं सोडायचं हे आकड्यांत दिलेलं असतं. बहुतेक साखर कारखान्यांना प्रक्रिया केलेलं पाणी शेतीला द्यायची अट असते. म्हणजे ओढ्यात पाणी दिसलं की आधी ते पत्र उघडायचं, कारण 'ओढ्यात सोडायची परवानगी आहे का?' हा प्रश्न तिथंच सुटतो.

डिसेंबरात कागद हळूहळू जमा होत होते, तेव्हा नमुन्यांची तयारी सुरू केली. ही पायरी टीव्हीवाले बहुतेकदा टाळतात किंवा बाटली भरून कॅमेऱ्यासमोर हलवून दाखवतात. बाटलीतलं काळं पाणी पुरावा नसतो. आंघोळीच्या पाण्याचा केंद्रीय निकष असा: विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) ३ मिलिग्रॅम किंवा कमी, पीएच ६.५ ते ८.५, आणि विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू (फीकल कोलिफॉर्म) १०० मिलिलिटरमागे ५०० असणं अपेक्षित, २५०० ही कमाल. यांतलं काहीच डोळ्यांना दिसत नाही. उलट नितळ दिसणाऱ्या पाण्यात कोलिफॉर्म भरपूर असू शकतात.

प्रयोगशाळा निवडताना फक्त 'एनएबीएल मान्यता' (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) एवढी पाटी बघून थांबू नका. मान्यता प्रत्येक चाचणीसाठी वेगळी असते. त्यांच्या यादीत बीओडी आणि फीकल कोलिफॉर्म आहेत का, ते पाण्याच्या कोणत्या प्रकारासाठी आहेत, हे तपासा. प्रयोगशाळेचा माणूस नमुना घ्यायला येत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन त्यालाच आणा. पुढे कुणी आक्षेप घेतला की 'पत्रकाराने बाटली भरली' हा मुद्दा उरत नाही. बीओडीची चाचणी आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवसांची करतात. गुरुवारी नमुना दिला तर तिसरा दिवस रविवारी येतो आणि लॅब तुम्हाला सोमवारी या म्हणते. सोमवार-मंगळवार गाठा.

नमुना घेण्याची रीत थोडक्यात. वर तरंगणारा फेस आणि तवंग टाळून, पृष्ठभागाखाली सुमारे एक फूट, बाटलीचं तोंड प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला. तळाचा गाळ ढवळला जाऊ द्यायचा नाही. प्राणवायूसाठीची ३०० मिलिलिटरची बाटली तोंडापर्यंत भरून, आत बुडबुडा न राहू देता झाकायची आणि जागेवरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड ही द्रावणं घालून प्राणवायू 'फिक्स' करायचा. तसं केलं नाही तर गाडीत हलताना आकडा बदलतो. कोलिफॉर्मची बाटली निर्जंतुक केलेली असते, झाकण उघडून हातात धरून गप्पा मारायच्या नाहीत. सगळं बर्फाच्या पेटीत, शक्यतो त्याच दिवशी लॅबला. आणि हे सगळं एका अखंड शॉटमध्ये: बाटलीचा क्रमांक, मोबाइलवरची वेळ आणि ठिकाण, सील लावतानाचा हात. हा शॉट दोन-तीन मिनिटांचा होतो, टीव्हीवर त्यातले आठ सेकंद जातात. पण मूळ फुटेज वकिलासाठी असतं.

ठिकाणं वरून खाली निवडायची. आमचा पहिला नमुना शहराच्या वर, प्रयाग चिखलीचा. तो नसता तर शहराने किती भर घातली हे सांगता आलं नसतं. मग शहराचं सांडपाणी आणणारा जयंती नाला जिथं नदीला भेटतो त्याच्या वर आणि खाली, राजाराम बंधारा, इचलकरंजीच्या आधी, नंतर, आणि तेरवाड बंधारा.

पुढचं मात्र कुठल्या मार्गदर्शिकेत मिळणार नाही. तेरवाडच्या बाजूला दुपारी प्राणवायूचं मीटर टाकलं तर आकडा चांगला येत होता. मेलेल्या माशांच्या बातम्या ज्या पट्ट्यातून दर उन्हाळ्यात येतात, तिथंच. काठावर जाळं गुंडाळणाऱ्या एका वयस्कर मासेमारानं सांगितलं, "पाव्हणं, दुपारी काय बघतायसा? पहाटं या. पहाटं मासा वर तोंड काढून वारं घेतोय." तो म्हणत होता त्याला शास्त्र आहे. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजतं. दिवसा उन्हात ते प्राणवायू सोडतं, रात्रभर सगळेच तो वापरतात, आणि सूर्योदयाच्या आधी पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. साचलेल्या पाण्यात हा चढउतार फार मोठा असतो. जलपर्णीच्या दाट थराखाली तर भर दुपारीही कमीच, कारण ऊन खाली पोचत नाही. तेव्हापासून प्रत्येक ठिकाणची दोन मोजमापं घेतली, पहाटेची आणि दुपारची, आणि दोन्ही रिपोर्टमध्ये दाखवली. फक्त पहाटेची दाखवली असती तर कुणीही दुपारी मीटर घेऊन आमची बातमी खोटी ठरवली असती.

तसंच आवर्तनाचं, म्हणजे धरणातून ठरावीक काळाने सोडल्या जाणाऱ्या पाण्याचं. राधानगरी धरणातून पाणी सोडलं की ते भोगावतीतून पंचगंगेत येतं आणि दोन-चार दिवस नदी धुऊन निघते. नमुन्याच्या आधी पाटबंधारे खात्यात फोन करून विसर्ग चालू आहे का, बंधाऱ्यांचे बर्गे काढलेत का, हे विचारून घ्या आणि उत्तर तारखेसह लिहून ठेवा. वरच्या बंधाऱ्याचे बर्गे निघाले की साठलेलं काळं पाणी एकदम खाली जातं, आणि खालच्या गावात मासे मरतात. तिथल्या कारखान्याचा त्या दिवशी काही संबंध नसतो. मेलेला मासा जिथं दिसला तिथलाच कारखाना दोषी, हे गृहीत धरूनच अशा बातम्यांत बहुतेक चुका होतात.

एक मर्यादा स्क्रिप्टमध्ये स्पष्ट लिहावी लागते. जल अधिनियमाच्या कलम २१ मध्ये सांडपाण्याचा नमुना घ्यायची कायदेशीर पद्धत दिली आहे: संबंधितांना नोटीस, नमुन्याचे दोन भाग, सील, सही. त्या पद्धतीने न घेतलेला नमुना न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. आमचे नमुने पत्रकारितेसाठी होते. त्यामुळे 'कारखाना दोषी आढळला' असं वाक्य कुठंही नाही. 'आम्ही घेतलेल्या नमुन्यात बीओडी निकषापेक्षा जास्त होता' एवढंच आहे. 'विषारी' हा शब्द स्क्रिप्टमधून सगळीकडून काढला. बीओडी जास्त म्हणजे विष नव्हे.

शूटिंगचा भाग त्या मानाने सोपा गेला. घाट, पूल, रस्ता इथून चित्रण करायला अडचण येत नाही. प्रक्रिया केंद्राच्या आत जायला महापालिका आयुक्तांच्या नावे लेखी अर्ज हवा, सोबत ओळखपत्रांच्या प्रती, कॅमेऱ्यांची यादी आणि तारीख. कारखान्याच्या आवारात परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही, त्यात मिळणाऱ्या एका शॉटपेक्षा होणारी तक्रार महाग पडते.

ड्रोनसाठी २०२१ चे नियम लागू होतात. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते, त्याहून जवळ गेलं की परवानगीशिवाय उडवताच येत नाही. नदीचा प्रत्येक टप्पा नकाशावर वेगळा तपासा, सरसकट अंदाज बांधू नका. ऑपरेटर भाड्याने घेताना त्याच्या ड्रोनचा नोंदणी क्रमांक, वैमानिक प्रमाणपत्र आणि विमा मागा. लग्नाच्या शूटिंगचे पुष्कळ ड्रोनवाले या तीन कागदांवर गडबडतात. उड्डाणाच्या आधी स्थानिक पोलिस ठाण्यात पत्र देऊन पोच घ्या. कायद्यानं लागो न लागो, गावकऱ्यांनी फोन केला की ती पोचच कामी येते.

अधिकाऱ्यांचे बाइट ही वेगळी कसोटी. सरकारी कर्मचाऱ्यांना वर्तणूक नियमांमुळे माध्यमांशी मोकळेपणाने बोलता येत नाही, हे समजून घेतलं तर चिडचिड कमी होते. कनिष्ठ अभियंत्याला कॅमेऱ्यासमोर पकडून काही साधत नाही, त्याची नोकरी मात्र अडचणीत येते. कार्यालयप्रमुखाला लेखी प्रश्न, ईमेलनेही आणि पोचपावतीच्या टपालानेही. उत्तराला किमान आठवडा द्या आणि मुदतीची तारीख पत्रातच लिहा. प्रश्नात आकडा, तारीख, ठिकाण हवं: 'अमुक दिवशी अमुक नमुन्यात इतका बीओडी आला, यावर आपलं म्हणणं काय?' आमच्या पत्रांना आलेल्या उत्तरांतली एक-दोन वाक्यं तरी प्रत्येक पक्षाची रिपोर्टमध्ये घेतली. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांच्याबाबत 'प्रतिसाद मिळाला नाही' असं लिहून पत्राची तारीख पडद्यावर दाखवली.

एका कामगाराने ओळख लपवण्याच्या अटीवर माहिती दिली. इथं कसूर चालत नाही. चेहरा धूसर करणं पुरत नाही, माणूस उभं राहण्याच्या ढबीवरून, हातातल्या कड्यावरून, मागच्या भिंतीच्या रंगावरून ओळखला जातो. आवाजाची पट्टी बदलून ठेवली तर ती सॉफ्टवेअरने परत फिरवता येते. म्हणून त्याचं म्हणणं शब्दशः लिहून घेतलं, त्याला वाचून दाखवलं आणि दुसऱ्याच माणसाच्या आवाजात रेकॉर्ड केलं. पडद्यावर 'आवाज बदललेला' अशी ओळ दिली. दृश्य म्हणून नदीचा एक साधा शॉट, त्याच्या गावाच्या आसपासचाही नाही. त्याची मूळ ऑडिओ फाइल चॅनेलच्या सामायिक सर्व्हरवर चढवलीच नाही.

एप्रिलमध्ये एडिट. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती आणि प्रोमो जाऊन हातात साधारण एकवीस-बावीस मिनिटं उरतात, तीन ब्रेकांनी तोडलेली. बावीस मिनिटांत चार गावं आणि दोन आकडे, याहून जास्त प्रेक्षकाच्या लक्षात राहत नाही. आम्ही बीओडी आणि प्राणवायू हे दोनच ग्राफिकमध्ये ठेवले, बाकीचे व्हॉइसओव्हरमध्येही घेतले नाहीत. एका पाटीवर एकच तुलना, मोठ्याने सावकाश वाचून होईल इतका वेळ. २०१२ साली इचलकरंजीत आलेल्या काविळीच्या साथीचे जुने शॉट घेतले, त्यांवर सतत 'संग्रहित' ठेवलं. पहिल्या दोन सेकंदांत पाटी येऊन गेली आणि शॉट पुढे चालू राहिला तर ते फसवणं होतं.

नदीवर गेलात की प्रत्येक ठिकाणी एक-दोन मिनिटं नुसता आवाज रेकॉर्ड करा, कुणीही न बोलता. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी, कारखान्याचा भोंगा, घाटावर कपडे आपटल्याचा आवाज. एडिटला बसल्यावर प्रत्येक कटला तो लागतो, आणि मग पार्श्वसंगीताची गरज निम्मी होते. प्रदूषणाच्या रिपोर्टला भीतिदायक संगीत लावायची सवय मला अजिबात पटत नाही. आकडा पुरेसा वाईट असेल तर तो शांतपणे सांगितलेलाच जास्त लागतो.

स्क्रिप्ट वकिलाकडे गेली तेव्हा प्रत्येक वाक्याला क्रमांक होता आणि समासात त्याचा आधार: माहिती अधिकारातलं पान, लॅब अहवाल, किंवा बाइटचा टाइमकोड. ज्या वाक्याचा समास रिकामा, ते वाक्य बाहेर. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खालच्या बदनामीच्या तक्रारीत केवळ 'खरं आहे' म्हणून भागत नाही, ते सांगणं सार्वजनिक हिताचं होतं हेही दाखवावं लागतं. त्यामुळे मालकांच्या घरगुती गोष्टी, कुणाचं राजकीय नातं वगैरे मजकूर गाळला, जिथं त्याचा पाण्याशी थेट संबंध नव्हता तिथं.

प्रक्षेपणानंतर फुटेज पुसायची घाई करू नका. चॅनेलला प्रसारित मजकूर ९० दिवस जपावा लागतो, पण कच्चं फुटेज, लॅबचे मूळ अहवाल आणि पोचपावत्या आम्ही त्यापुढेही ठेवल्या आहेत. प्रेक्षकाची तक्रार आली की २०२१ च्या केबल टीव्ही नियमांप्रमाणे २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. उत्तराने समाधान झालं नाही तर तक्रारदार वाहिन्यांच्या स्वनियामक संस्थेकडे जाऊ शकतो. पत्रात फक्त 'बातमी खोटी व एकतर्फी आहे' असं लिहिलेलं असेल तर वाद घालत बसू नका. कोणतं वाक्य, कोणता आकडा, हे लेखी विचारा आणि त्या वाक्याचा क्रमांक काढून समासातला कागद उत्तराला जोडा.